डिसेंबरचा मेळावा आणि मागच्या खोलीतली बाउलची बैठक

डेट्रॉईटच्या आसपासच्या आमच्या मराठी मंडळाचे वर्षभर कार्यक्रम चालूच असतात, गणपती, दिवाळी पहाट, संक्रांतीचं हळदीकुंकू, उन्हाळ्यातली पिकनिक, पण मला विचाराल तर सगळ्यात लाडका म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला वर्षअखेरचा मेळावा. आणि त्यातसुद्धा पॉटलकची जेवणं उरकली, पोरांची गाणी झाली, की हॉलच्या मागच्या खोलीत जी बैठक बसते ना, ती! कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव कधीच छापलेलं नसतं पण कोणी सांगावं लागत नाही, वाटीत गुलाबजाम घेऊन माणसं आपोआप तिकडे सरकतात. विषय एकच, या वर्षी मिशिगन युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम कुठल्या बाउल गेमला चाललीये आणि समोरच्यांशी आपलं कुठे जमतं, कुठे फाटतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथल्या कॉलेज फुटबॉलचा (हा हातात बॉल घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल) नेहमीचा सीझन नोव्हेंबरच्या शेवटी संपतो, आमचा ओहायो स्टेट या कट्टर प्रतिस्पर्ध्याबरोबर, आणि मग चांगल्या खेळलेल्या टीमना नववर्षाच्या आसपास कुठल्या तरी उबदार गावात एक शेवटची मोठी मॅच मिळते, तिला बाउल म्हणतात. सगळ्यात जुना म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा रोझ बाउल, 1902 साली पहिला झाला आणि तो मिशिगननेच स्टॅनफर्डला 49-0 हरवून जिंकला, हे आमच्याकडच्या लहान पोरांनाही पाठ आहे. तर मधला जवळजवळ महिनाभर मॅच नाही, समोरची टीम ठरलेली, बाहेर बर्फ, आणि ती टीम बहुतेक वेळा दुसऱ्याच कॉन्फरन्सची, दुसऱ्याच गटाची, म्हणजे आपण तिच्याशी एरवी कधी खेळतच नाही. आता मोकळा वेळ आणि अनोळखी पाहुणे एवढं मिळालं की मराठी माणूस काय करतो? लग्न ठरवताना पत्रिका काढून बसतो तसं एकेका खेळाडूसमोर एकेक खेळाडू मांडून गुण जुळवत बसतो.

या बैठकीचे सर्वेसर्वा म्हणजे आमचे काका. सत्तरच्या दशकात ॲन आर्बरला इंजिनिअरिंगला आले, मग गाड्यांच्या कंपनीत आयुष्य काढलं. बो शेम्बेकलर मिशिगनचा कोच असतानाचा काळ त्यांनी स्टेडियममध्ये बसून बघितलेला. बो लागोपाठ पाच रोझ बाउल हरला आणि 1 जानेवारी 1981 ला वॉशिंग्टनला 23-6 हरवून पहिल्यांदा जिंकला, ते सांगताना काकांचा आवाज अजून चढतो. काका भिंतीवर मोठा पांढरा कागद चिकटवायचे, मधोमध रेघ, एकीकडे आपला ऑफेन्स (बॉल पुढे नेणारे) दुसरीकडे त्यांचा डिफेन्स (अडवणारे), मग उलटं. आणि नियम पक्का की सुरुवात लाइनपासून, म्हणजे सगळ्यात पुढे उभ्या दांडग्यांच्या रांगेपासून, करायची. लेफ्ट टॅकल, गार्ड, सेंटर, मग पुढे. क्वार्टरबॅकचं, म्हणजे बॉल फेकणाऱ्याचं, नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, मधेच कोणी काढलं तर काका म्हणणार, "थांबा हो, त्याला उभं राहायला जागा कोण देणार ते आधी ठरवू." मी पुण्याहून आलेली, क्रिकेट सोडून काही कळत नव्हतं, मला हा खेळ त्या कागदाने शिकवला. टीव्हीवर सगळे बॉलमागे बघतात, मी अजूनही आधी टॅकलचे पाय बघते.

खोलीत सगळे मिशिगनवाले असतात असंही नाही बरं का. ईस्ट लान्सिंगच्या मिशिगन स्टेटमध्ये शिकलेले स्पार्टन असतात, एकदोन ओहायो स्टेटचेही. त्यांचं काम समोरच्या टीमचं वकीलपत्र घेणं. आणि ते मनापासून घेतात! त्यांच्याशिवाय चर्चा अगदी गुळमुळीत झाली असती.

2006 ची बैठक मला सगळ्यात स्वच्छ आठवते. तो सीझनच भारलेला होता, अकरा मॅच जिंकून आम्ही दोन नंबरवर, ओहायो स्टेट एक नंबरवर, आणि मॅचच्या आदल्या दिवशी, 17 नोव्हेंबरला बो गेला. दुसऱ्या दिवशी 42-39 हरलो. त्या दुःखातून रोझ बाउल मिळालेला, समोर कॅलिफोर्नियाची यूएससी. कागद भरताना सगळ्यांचे चेहरे खुलत चालले होते कारण आमचा रन डिफेन्स, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्यांना अडवण्याचा खेळ, देशात पहिला, मॅचला सरासरी पन्नास यार्डसुद्धा देत नव्हते, ॲलन ब्रांच मधे, लामार वूडली कडेला, तिथून कोणी पळून दाखवावं. तेवढ्यात आमच्यातली एक ताई, स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी केलेली, कोपऱ्यातून शांतपणे म्हणाली, "अहो काका, पण त्यांनी रन केलाच नाही तर?" सगळे गप्प. मग कॉर्नरबॅकचा, म्हणजे कॅच घेणाऱ्या रिसीव्हरवर पहारा ठेवणाऱ्याचा, विषय निघाला, एका बाजूला लिऑन हॉल आहे पण दुसऱ्या बाजूचं काय, त्यांचा रिसीव्हर ड्वेन जॅरेट एवढा उंच, त्याच्यावर कोण जाणार, रात्री साडेअकरापर्यंत तेच. आणि झालं काय, हाफटाइमला 3-3, आणि मग यूएससीने रन जवळजवळ सोडूनच दिला, त्यांचा क्वार्टरबॅक बूटी नुसता फेकत सुटला, जॅरेटचे दोनशे पाच यार्ड, 32-18. मॅच संपल्यावर पहिला फोन काकांनी ताईला केला. तेव्हापासून कागदाच्या तळाशी एक रकाना कायमचा आला, "आणि त्यांनी तसं केलंच नाही तर?" माझ्या मते आमच्या बैठकीत जे काही शहाणपण आहे ते त्या एका रकान्यात आहे.

पुढच्या वर्षीची गंमत वेगळी. सीझनची सुरुवातच ॲपलाचियन स्टेटकडून 34-32 अशी घरच्या मैदानावर हार, पुढच्या आठवड्यात ओरेगनने 39-7 धुतलं, दोन्हीकडे पळणारा क्वार्टरबॅक. आणि बाउलमध्ये समोर कोण तर फ्लोरिडा, म्हणजे टिम टीबो, त्याच वर्षीचा हाइझमन (सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) विजेता, पळणाऱ्यांचा राजा, शिवाय पर्सी हार्विन. स्पार्टनवाल्यांनी तर वकिली दहा मिनिटांत संपवली, म्हणाले यात बोलायचं काय आहे. पण काका ठाम होते. त्यांनी कागदाच्या दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं, की टीबोला अडवणं जमेल न जमेल, पण त्यांची सेकंडरी, पास अडवणारी मागची फळी, कोवळी आहे, पोरं नवीन आहेत, आणि आपला जेक लाँग डाव्या बाजूला असताना आपल्या क्वार्टरबॅकला, हेनीला, वेळ मिळणार, मॅनिंगहॅम आणि ॲरिंग्टन हे रिसीव्हर मोकळे होणार, आपण त्यांच्याहून जास्त पॉइंट करायचे एवढंच. हे ऐकून माझ्या शेजारची मावशी म्हणाली, "मग सांगा की त्या कोचला, रोज तेच रन रन काय करतो." आणि आमच्या कोचच्या, लॉइड कारच्या, त्या शेवटच्या मॅचमध्ये खरंच महिनाभर तयारी करून शॉटगन (क्वार्टरबॅक लाइनपासून मागे उभा), जास्त रिसीव्हर, पटापट खेळ असा सगळा नवा थाट निघाला. हेनीचे 373 यार्ड आणि तीन टचडाउन. माइक हार्ट, ज्याच्या हातून बॉल सुटणं म्हणजे नवलच, त्याने गोललाइनजवळ दोनदा बॉल घालवला तरी 41-35 जिंकलो. पोरांनी कारला खांद्यावर घेतला तेव्हा आमच्या मावशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि रडत होत्या.

मग वाईट वर्षं आली. 2008 आणि 2009 ला बाउलच नाही. पण मेळावा कसा थांबणार, आणि बैठक तर नाहीच, आम्ही स्पार्टनवाल्यांची मॅच घ्यायला लागलो आणि या वेळी वकीलपत्र आमच्याकडे आलं. त्यातली 2013 ची अजून बोलली जाते. मिशिगन स्टेट खूप वर्षांनी रोझ बाउलला, समोर स्टॅनफर्ड, म्हणजे दोन्हीकडे राक्षसी लाइन, काकांच्या आवडीची मॅच. आणि ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी बातमी आली की त्यांचा कॅप्टन, मधला लाइनबॅकर मॅक्स बुलो खेळणार नाही. कागदावर त्याचं नाव खोडून कायलर एल्सवर्थ लिहिलं, आणि खोलीत एकच प्रश्न, शॉर्ट यार्डेजला, एखाद्या यार्डाच्या झटापटीत, हा उभा राहील का? मॅचच्या शेवटी स्टॅनफर्डचा फोर्थ अँड वन (चौथा, शेवटचा प्रयत्न, एकच यार्ड हवा) आला, आणि त्या ढिगाऱ्यावरून उडी घेऊन बॉलवाल्याला थांबवणारा कोण तर एल्सवर्थ. 24-20. आमच्या एका स्पार्टन मित्राने तो कागद फ्रेम करून बेसमेंटमध्ये लावलाय, त्यावर खोडलेलं नाव आणि शेजारचं नवं नाव दोन्ही दिसतात.

2022 च्या टीसीयूविरुद्धच्या (टेक्ससची टीम) मॅचबद्दल मी फार लिहिणार नाही. कागदावर सगळे गुण आपल्या बाजूला, मॅच 51-45 त्यांच्या बाजूला. फेकलेले दोन बॉल त्यांनी पकडून थेट टचडाउन केले, एकदा गोललाइनवर बॉल सुटला, बस.

त्यामुळे 2023 ला अलाबामा समोर आली तेव्हा कोणी जोरात बोलायलाच तयार नव्हतं. त्यांचा कोच निक सेबन समोर, महिनाभर तयारीला, अंगावर काटा येतो. आपला झॅक झिंटर, लाइनचा आधार, ओहायो स्टेटच्या मॅचमध्ये पाय मोडून बाहेर गेलेला, लाइन हलवून बसवलेली, आणि त्यांच्याकडे डॅलस टर्नरसारखा कडेने येणारा. काकांनी ते सगळं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तेव्हा आमच्या एका मित्राची मुलगी, हायस्कूलमधली, पुढे आली आणि म्हणाली काका, मला त्यांचा सेंटर लिहायचाय. तिने ऑबर्नविरुद्धची मॅच परत परत बघितलेली, शेवटच्या ड्राइव्हमध्ये स्नॅप (सेंटरने मागे क्वार्टरबॅकला दिलेला बॉल) कसा बिघडला आणि त्यामुळे फोर्थ अँड गोल 31 यार्डवरून खेळावा लागला, तो चमत्काराने जमला म्हणून सगळे स्नॅप विसरले, असं तिचं म्हणणं. आपले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट मधून ढकलत राहिले तर हा सेंटर पुन्हा गडबडणार. इतकं नीट मांडलं की ओहायोवाल्यांनीही मान हलवली. मॅच तुम्ही बघितली असेलच, त्यांच्या क्वार्टरबॅकला, मिलरोला, सहा वेळा पाडला, आपण चौथ्या क्वार्टरमध्ये मागे होतो, फोर्थ अँड टूला आपल्या कोरमने कॅच घेतला, शेवटच्या दीड मिनिटात रोमन विल्सनचा टचडाउन, ओव्हरटाइममध्ये कोरम सतरा यार्ड पळाला, आणि मग अलाबामाचा शेवटचा चान्स, तीन यार्डवरून फोर्थ डाउन, स्नॅप खाली आला, मिलरो मधे घुसला आणि तिथेच अडकला. 27-20. आमच्या ग्रुपवर जिंकल्याचे मेसेज नंतर आले, आधी चाळीसभर लोकांनी त्या मुलीचं नाव टाकलं. आठवड्याने वॉशिंग्टनला 34-13 हरवून चॅम्पियन झालो आणि पंधरापैकी पंधरा मॅच जिंकलो. काका म्हणाले, बो असता तर लाइनकडेच बघत बसला असता, आणि मला ते अगदी पटलं.

आता गोष्टी बदलल्यात. पोरं प्रोमध्ये जायचं म्हणून बाउल सोडतात, कॉलेज बदलायचं ट्रान्सफर पोर्टल आहे, कोण खेळणार तेच शेवटपर्यंत कळत नाही. कोणी म्हणतं यामुळे मॅचअपमध्ये राम उरला नाही. मला नाही पटत. 2024 ला टॅम्पाला परत अलाबामाच आली आणि आपल्याकडून ग्रॅहम नाही, ग्रँट नाही, लव्हलँड नाही, विल जॉन्सन नाही, काकांचा कागद निम्मा कोरा. मग काकांनी पेन सरळ पोरांकडे दिलं कारण दुसऱ्या फळीतली नावं त्यांनाच माहीत, कोण कुठल्या हायस्कूलचा, कोणाचं वजन किती वाढलं, सगळं. त्या दिवशी बैठक नेहमीपेक्षा लांबली, आणि टॅम्पाच्या पावसात त्याच दुसऱ्या फळीने 19-13 जिंकून दिलं.

शिवाय चॅम्पियन ठरवणारा प्लेऑफ आता बारा टीमचा, पहिली फेरी डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपासच सुरू होते, म्हणून बैठक पुढे-मागे करावी लागते आणि निम्मे लोक सुट्टीला भारतात गेलेले असतात. पण त्यांनी ऐकलं तर ना! आमच्याकडे दुपारचे चार म्हणजे पुण्यात रात्रीचे अडीच, तरी व्हिडिओ कॉल लावून बसतात, आईबाबा झोपलेत म्हणून कुजबुजत बोलतात, आणि लाइन लिहून व्हायच्या आत कोणीतरी तिकडून विचारतंच, "अहो काका, त्यांचा राइट टॅकल नक्की खेळतोय का?"