शेतकऱ्याच्या घरी कॅमेरा नेताना

विदर्भात शेतकऱ्याची आत्महत्या झालेल्या घरी आपण माहितीपट करायला जातो, तेव्हा आपल्याआधी पोलीस, तलाठी, पत्रकार येऊन गेलेले असतात. सरकारी मदतीचे १ लाख रुपये मिळायचे तर प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज किती थकलं, हेच सगळे विचारतात. म्हणून घरची बाई बोलायला लागली की आधी कर्जाचा आकडा सांगते. आपणही तेच विचारलं तर फिल्मचा पंचनामा होतो. पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नकोच. पुढेही सुरुवात वावरापासून करावी: तिचा नवरा काय पेरायचा, डवरणीला (उभ्या पिकातल्या कोळपणीला) कोण जायचं, बैलांची नावं काय. त्या दिवसाचा विषय तिनं काढला तरच.

आवाज आणि चित्र वेगवेगळं घेणं इथे फार कामाचं आहे. ओसरीवर नुसता रेकॉर्डर ठेवला की चेहरा सांभाळायचं दडपण जातं. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. दुपारी टिनाचं छप्पर तापून कडकडतं, म्हणून सकाळी लवकर बसावं. बोलणं झाल्यावर त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट घ्यावा. तो नसेल तर कापलेल्या वाक्यांमधले खड्डे ऐकू येतात. चित्र नंतर, कामाचं: कापूस वेचणारे हात, पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटणं. ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर, नाहीतर उजेड लुकलुकतो. हार घातलेला फोटो आणि रिकामी बाज घेऊच नये. त्यात माणूस फक्त मेलेला दिसतो, जगलेला नाही.

मृत्यूची पद्धत सांगू नये, सुचवूही नये. कीटकनाशकाचा डबा पाहणाऱ्याच्या घरातही असतो, आणि पाहणारा त्याच अवस्थेत असू शकतो. कर्ज हे एकच कारण म्हणूनही मांडू नये. नाहीतर प्रत्येक कर्जदाराला पुढची वाट तीच दिसते.

संमती दोनदा घ्यावी, बोलण्याआधी आणि कच्ची फिल्म घरच्यांना दाखवल्यावर. दीर किंवा सासऱ्यांचा होकार पुरेसा नाही. बाईला एकटीला विचारावं. जमीन तिच्या नावावर करायचा फेरफार अडलेला असेल तर जमिनीबद्दलचं तिचं वाक्य उद्या तिच्यावरच उलटू शकतं, ते काढावं. नाव बदलून भागत नाही, गाव आवाजावरून ओळखतं; तिला चालत असेल तर तेच शब्द दुसऱ्या बाईकडून वाचून घ्यावेत.

गावात फिल्म दाखवताना समुपदेशक हजर हवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर सुरुवातीला आणि शेवटी पडद्यावर ठेवावा, लिहून घेता येईल इतका वेळ.