उभ्या गाडीतली टक

काटोलच्या गॅरेजमधे दुपारी विजेची लाईन गेलेली, मिस्त्री रिकामाच बसला होता, म्हणून त्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून डॅशबोर्डातलं घड्याळ बाहेर काढलं, फुंकर मारली आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, "भाऊ, याच्यात सेलवालं मशीन टाकून देतो. हे जुनं काहून धरून बसले? टाइम तं मोबाइलात दिसते."

दिसते ना बाप्पा, कोण नाही म्हणतं. पण मला टाइम पाहायचाच नाहीये, मला ती टक ऐकायची आहे. हे मिस्त्रीला सांगायची काही हिंमत झाली नाही.

गाडी आबाजींची, अ‍ॅम्बेसेडर. घड्याळ कंपनीनं दिलेलं नाही, आबाजींनी हौसेनं नागपूरहून बसवून आणलेलं, डायलवरचं नाव केव्हाच पुसलं गेलंय. जुन्या गाड्यांमधली ही घड्याळं मोठी मजेशीर. आत एवढीशी स्प्रिंग, चावी जेमतेम मिनिट-दोन मिनिटं पुरेल एवढी. ती उतरत आली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, करंट जातो, इलेक्ट्रोमॅग्नेट दांडीला लाथ घालतो आणि चावी परत भरते. टक. मग पुन्हा दोन मिनिटं शांतता.

१९५८ साली डेव्हिड ओगिल्व्हीनं रोल्स-रॉइसची एक जाहिरात लिहिली होती, ताशी साठ मैलांच्या स्पीडला या गाडीत सगळ्यात मोठा आवाज कशाचा, तर इलेक्ट्रिक घड्याळाचा. आमच्याकडे साठ किलोमीटरलाच मागचं दार, डिकीतला जॅक, संत्र्याचे खोके आणि आबाजींचा खोकला हे सगळे एकदम बोलायला लागायचे. घड्याळ ऐकायचं तर गाडी उभी करावी लागायची.

आणि गाडी खूप उभी राहायची. एकाधिकार खरेदीचे दिवस, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायचा, संकलन केंद्रावर बंड्यांची, बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, आबाजी कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या मागे फिरताहेत आणि मी मागच्या सीटवर, काच खाली करून, नाकात कापसाचा धुरळा. पुढच्या टकेपर्यंत श्वास रोखून धरायचा हा माझा खेळ, कधीच जमला नाही. केंद्रावर त्या दिवशी कापसाला काय ग्रेड लागला वगैरे मला काही आठवत नाही, हिरव्या रेक्झिनचा वास मात्र आठवतो, उन्हात तापलेला.

ते घड्याळ बंद पडलं ३१ ऑक्टोबर १९८७ ला. तारीख पाठ असायचं कारण घड्याळ नाही, गावस्कर. नागपूरला वर्ल्डकपची मॅच, भारत-न्यूझीलंड, आणि गावात लाईन नाही. काकानं अ‍ॅम्बेसेडरची बॅटरी काढली आणि ओसरीत आणून पोर्टेबल टीव्हीला जोडली, बांबूवरचा अँटेना फिरवायला एक पोट्टं छपरावर बसवलं. चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफील्ड असे ओळीनं तीन बोल्ड काढले तेव्हा चित्र फुल होतं. संध्याकाळकडे बॅटरी बसत चालली तसं चित्र चारी बाजूंनी आक्रसायला लागलं, आणि गावस्करची वन-डेतली एकुलती एक सेंच्युरी आम्ही पोस्टकार्डाएवढ्या पडद्यावर पाहिली. पाहिली म्हणजे काय, आरडाओरड्यावरून समजून घेतली.

मग काकानं तीच अर्धमेली बॅटरी परत गाडीत बसवली आणि सगळे जेवायला गेले. या घड्याळाला बॅटरी पूर्ण मेली तरी चालते, अर्धी मेली की ते मरतं. पॉइंट टेकतात, करंट जातो, पण लाथ मारण्याइतका जोर नसतो, म्हणून पॉइंट टेकलेलेच राहतात आणि कॉइल तापत तापत जळून जाते. आबाजी काकाला काही बोलले नाहीत. गावस्कर त्यांचाही लाडका.

तेव्हापासून काटे पावणेआठला. आईचं याबाबतीत काही कळत नाही. घरात बंद घड्याळ ठेवू नये, अवदसा येते, म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळाचा सेल स्वतः बदलते, दसऱ्याला त्याच गाडीला हार घालते, कुंकू लावते, आणि पावणेआठ वाजलेत त्याकडे बघतही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, गाडीचं येगळं असते.

सेलवालं मशीन मी काही बसवणार नाही. एक तर जुने काटे त्याच्या दांड्यावर बसत नाहीत, प्लास्टिकचे नवे लावावे लागतात, आणि ते दर सेकंदाला किरकिरतं. दोन मिनिटं गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून मिस्त्रीला म्हटलं जळकी कॉइलच भरून घेऊ, म्हणजे तार नव्यानं गुंडाळून. अ‍ॅम्बेसेडर २०१४ साली बंद झाली तरी तिचे पार्ट अजून मिळतात, पण असल्या कॉइलला कोण हात लावणार? तर शेतातल्या मोटारी भरणारा. आमच्याकडे वाइंडिंग म्हटलं की तोच.

त्याच्या दुकानात पाच एचपीच्या जळक्या मोटारी दारापर्यंत आलेल्या. रब्बीत हे असंच, सगळ्यांचे पंप एकदम चालू, व्होल्टेज पडलं की मोटर घुमते, फिरत नाही, आणि जळते. म्हणजे रोग घड्याळाचाच. त्यानं माझी कॉइल चिमटीत धरून उजेडाकडे केली, केसाएवढी तार पाहून हसला आणि म्हणाला, "होते, पण आत्ता नाही. हे मोटारी निघू द्या पयले."

तेवढ्यात एक म्हातारबुवा पोराच्या मोटरसायकलवर मोटर बांधून आले. चना फुलावर आहे, म्हणाले, आणि या हप्त्यात लाईन राती बारापासून. रात्री बारा ते सकाळपर्यंत, थंडीत, हातात टॉर्च, पायाखाली काय वळवळतंय ते दिसत नाही आणि हा माणूस ओलित करणार, सत्तरी गाठलेला. दिवसा लाईन द्या म्हणून अर्ज करता करता आबाजी गेले, काका म्हातारा झाला, अर्ज अजून चालूच आहेत.