तुम्ही विचारलंत म्हणून : साडेसहा नंबरचे ग्लोव्हज

शाळेच्या कार्यक्रमाला बोलावलं की भाषणानंतर एक प्रश्न हमखास येतो. कधी मुली विचारतात, कधी त्यांच्या आया. "मॅडम, तुम्ही सर्जन कशा झालात? घरच्यांनी करू दिलं?" इतकी वर्षं मी "हो, आईवडील पाठीशी होते, नवराही समजूतदार आहे" एवढं सांगून खाली बसायचे. त्यात खोटं काही नाही. पण घरच्यांनी मला कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवलं. ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत कोणी नेलं, ते सांगायचं राहूनच जातं. आज सांगते.

एमएसला मी सर्जरी घेतली तेव्हा आमच्या युनिटमध्ये मी एकटीच मुलगी. उंची जेमतेम पाच फूट. पहिल्याच राउंडला एका वरिष्ठांनी सगळ्यांदेखत विचारलं, "का, गायनॅक मिळालं नाही?" पहिल्या वर्षाला रिट्रॅक्टर, म्हणजे चीर उघडी ठेवणारं हत्यार, धरून उभं राहणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्याची तक्रार नाही. पण माझ्याबरोबरच्या मुलांना चौथ्या-पाचव्या महिन्यात हर्नियाची ऑपरेशनं मिळायला लागली आणि मी रिट्रॅक्टरच धरून राहिले. "हिची गाठ नीट बसत नाही," असं कारण द्यायचे. टाक्याची गाठ खरोखरच बसत नव्हती. मला वाटायचं, आपला हातच जड आहे.

थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरांनी मात्र माझ्या हातांकडे नीट पाहिलं होतं. आमच्याकडे ग्लोव्हज यायचे सातचे आणि साडेसातचे. माझा हात साडेसहाचा. बोटांच्या टोकाशी रबर सैल राहायचं आणि गाठ ओढताना धाग्याबरोबर रबरही अडकायचं. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी महिन्याच्या इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, साडेसहा नंबर लिहिला. स्टोअरने तो खोडला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. तिसऱ्या महिन्यात त्या स्वतः स्टोअरमध्ये जाऊन बसल्या आणि खोका घेऊनच उठल्या. मग तो खोका त्यांच्या कुलपाच्या कपाटात गेला. वर चिकटपट्टी, तिच्यावर पेनने माझं नाव.

टेबलाची उंची उंच सर्जनच्या बेताने लावलेली असायची. मी हात धुऊन आत येईपर्यंत माझ्या जागेवर लाकडी पायरी सरकवलेली असायची, तीही त्यांनीच. शिवाय एका दुपारी त्यांनी काळ्या सिल्कचं उरलेलं रीळ माझ्या हातात ठेवलं. "डॉक्टर, खोलीवर गेलात की खाटेच्या दांड्याला बांधा आणि रोज शंभर गाठी मारा. गाठ ओढू नका. तर्जनीने खाली नेऊन बसवा." तीस वर्षं टेबलाशी उभ्या राहिलेल्या त्या बाईंनी आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त ऑपरेशनं पाहिली होती. इतकं नेमकं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

पुढची गोष्ट आमच्या सीनियर रजिस्ट्रारची. रेसिडेंटच्या आयुष्यात केस, म्हणजे स्वतः करायला मिळालेलं ऑपरेशन, किती मोलाची असते, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. झोप देऊ, जेवण देऊ, पण केस कोणी कोणाला देत नाही. हात बसतो तो केस करूनच. ती तिसऱ्या वर्षाला होती आणि परीक्षा चार महिन्यांवर आली होती. रात्री दोनला अपेंडिक्सचा एक मुलगा आला, चौदा वर्षांचा. केस तिची होती. हात धुऊन, गाऊन चढवून ती टेबलाच्या उजव्या बाजूला, सर्जनच्या जागेवर उभी राहिली. मी समोर. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि टेबलाला वळसा घालून डावीकडे आली. म्हणाली, "तू तिकडे जा."

पायरी कोणीतरी आधीच उजवीकडे सरकवली होती.

तिला ते ऑपरेशन अर्ध्या तासाचं. मला दीड तास लागला. चीर घेतली, स्नायू बाजूला केले, पोटाचं अस्तर उघडलं, आणि अपेंडिक्स काही सापडेना. मला घाम फुटला. अशा वेळी माणूस हातातलं हत्यार काढून घेतो, मीही पुढे कितीदा तो मोह आवरला आहे. तिने हात लावला नाही. "सीकम पकड. त्याच्यावरच्या पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथे जा," एवढंच म्हणाली. सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, अपेंडिक्स तिथूनच निघतं. मिळालं. रक्तवाहिनी बांधताना गाठ पहिल्या खेपेला बसली.

सकाळी रजिस्टरमध्ये तिने 'सर्जन'च्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि 'असिस्टंट'च्या रकान्यात स्वतःचं. या एका ओळीसाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे. तिच्याही पहिल्या वर्षात ऑपरेशन करण्याची तिची संधी तीनदा डावलली होती, हे मला फार नंतर, तिच्याकडूनच कळलं.

ते कळलं तेव्हा मला डॉ. एडिथ पीची आठवल्या. 1870 मध्ये एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या नव्या विद्यार्थ्यांत पहिल्या आल्या होत्या. होप शिष्यवृत्ती त्यांचीच होती, पण बाई म्हणून ती त्यांना नाकारून खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली. एडिंबराने पदवीही दिली नाही, ती त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून आणली. 1883 मध्ये त्या मुंबईत आल्या आणि पुढे कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांनी सांभाळला. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल 1887 मध्ये ज्यांच्यावर आला त्या रखमाबाईंना डॉक्टर होण्याचं बळ देणाऱ्यांत याच पीची होत्या. रखमाबाई 1889 मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरतेत वर्षानुवर्षं बायकांचं बाळंतपण-आजारपण पाहत राहिल्या. आपली हिसकावलेली शिष्यवृत्ती पीचीबाईंना कधी विसरता आली असेल असं मला वाटत नाही. पण ती आठवण त्यांनी दुसरीचं दार बंद करायला वापरली नाही.

कारण तसं वापरणाऱ्याही असतात. मला बाळ झाल्यावर "आम्ही नाही का सोसलं, तुम्हीही सोसा" असं मला एका बाईंनीच ऐकवलं होतं. त्यांनी खरंच फार सोसलं होतं, म्हणून राग धरवत नाही. त्याच वर्षी क्वार्टरमधल्या शेजारच्या स्टाफ नर्सने स्वतःच्या नाइट माझ्या दिवसांशी जुळवून घेतल्या आणि माझी मुलगी तिच्या मांडीवर वाढली. तिचे उपकार या लेखात मावायचे नाहीत.

आता मी ज्या हॉस्पिटलमध्ये आहे तिथल्या इंडेंटवर सहा आणि साडेसहा नंबर दर महिन्याला असतात. गेल्या महिन्यात माझ्या ज्युनिअरने पहिलं अपेंडिक्स केलं. मी डावीकडे उभी होते आणि दोन्ही हात मुद्दाम रिट्रॅक्टरवर ठेवले होते. पाऊण तासानंतर हात तिथेच ठेवणं फार अवघड गेलं. रजिस्टर भरून झाल्यावर मी सिस्टरांना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली, कानाला थोडं कमी येतं. मी मोठ्याने सगळं सांगितलं.

"पेशंट कसा आहे?" त्यांनी आधी विचारलं.

बरा आहे, उद्या घरी सोडू, म्हटल्यावर मग त्यांनी त्या मुलीचं नाव विचारलं.