तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोग्राफी कॉलेजात जाऊन शिकायची ती कशाला?

लग्नकार्यात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि बारावीचे निकाल लागले की फोनवरही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मोबाइल इतके चांगले फोटो काढतो, बाकीचे यूट्यूबवर फुकट शिकता येते, मग मुलीने चार वर्षे कॉलेजात जाऊन फोटोग्राफी शिकण्यात काय अर्थ आहे? विचारणाऱ्याला बहुधा माझ्याकडून ‘काही अर्थ नाही’ असेच ऐकायचे असते. मी स्वतः अप्लाइड आर्टची पदवी घेतली, त्यात फोटोग्राफी हा ऐच्छिक विषय निवडला आणि आज भांडी, अत्तराच्या बाटल्या, मसाल्यांची पाकिटे यांचे जाहिरातींसाठी फोटो काढून पोट भरते. तेव्हा या प्रश्नाला एकदाचे सविस्तर उत्तर द्यावे म्हणते.

कॅमेरा चालवायला शिकण्यासाठी कॉलेज लागत नाही, हे आधीच मान्य करते. अ‍ॅपर्चर (लेन्सचे भोक किती उघडायचे), शटरचा वेग आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) यांचा हिशेब आठवडाभरात समजतो आणि दोनतीन महिन्यांत बोटांत उतरतो. खरा अभ्यास त्याच्या पुढे सुरू होतो, आणि तो कसा असतो हे सांगायचे तर एका स्टीलच्या डब्यापासून सुरुवात करावी लागेल.

तिसऱ्या वर्षी सरांनी टेबलावर एक साधा उभा डबा ठेवला आणि सांगितले की एकच दिवा वापरून याचा फोटो काढा. डबा स्टीलचा आहे हे कळले पाहिजे, गोल आहे हे कळले पाहिजे आणि त्यात तुम्ही दिसता कामा नये. माझ्या पहिल्या फोटोत डब्याच्या मधोमध ट्रायपॉड, त्यामागे माझा पिवळा कुर्ता आणि कडेला काडीसारखा बारीक झालेला, दारात उभा असलेला शिपाई, असे सगळे गणगोत आले होते. दिव्याचा जोर वाढवला तर तीच प्रतिबिंबे आणखी उठून दिसू लागली. दिव्यापुढे बटर पेपर धरला तर डब्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याचा पांढरा चौकोन झाला. दोन तास असे गेल्यावर कुठे लक्षात आले की चकचकीत धातूवर नुसता प्रकाश टाकून काहीच साधत नाही. धातू समोरचे दाखवतो, म्हणून त्याला काय दिसावे हे आपण ठरवायचे असते. सपाट ताटाला खोलीचा एक तुकडा दिसतो, उभ्या गोल डब्याला मात्र जवळजवळ सगळी खोली दिसते. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात हा शाळेत घोकलेला नियम मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला.

मग डब्याच्या एका बाजूला बटर पेपरचा मोठा पडदा लावून दिवा त्याच्या मागे नेला, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला आणि कॅमेऱ्यापुढे काळा कागद लावून त्याला लेन्सपुरते भोक पाडले. आता मध्ये गडद पट्टा आणि दोन्ही बाजूंना उजेड आला, आणि डबा गोल दिसू लागला. त्याच्या कडा मागच्या पांढऱ्या कागदात विरून जात होत्या, म्हणून चौकटीबाहेर, डब्याच्या किंचित मागे, काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या ठेवल्या. हा अकरावा फोटो होता. सर म्हणाले, “झाकणाची कड कुठे गेली?” मी बारावा काढला.

ही युक्ती यूट्यूबवर दहा मिनिटांत मिळते, यात शंका नाही. तिथे झाकणाची कड विचारणारा कोणी नसतो, आणि न जमलेल्या गोष्टीला दोन तास चिकटून राहण्याची सक्तीही नसते.

दुसरा भाग उजेड मोजण्याचा. कॅमेऱ्याच्या मीटरला रंगरूप कळत नाही. समोर काहीही असले तरी ते मध्यम करडे आहे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकते, असे साधारणपणे धरून तो चालतो. म्हणून दिवे घाटात चौकट भरून पांढऱ्या धोतरा-टोप्यांचे वारकरी टिपले की धोतरे मळकी येतात, आणि मीटर सांगतो त्याहून दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यावे लागतात. किती द्यायचे हे अंदाजाने न सोडता आधीच ठरवता यावे, यासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे अकरा भाग पाडणारी झोन सिस्टिम अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये आखली. हे दोघे तिथे शिकवत होते, आणि ही पद्धत शिकवण्याच्या गरजेतून पुढे आली, हे मला महत्त्वाचे वाटते. स्वतःला जमते ते दुसऱ्याला समजावून सांगायची वेळ आली की त्याची पद्धत करावी लागते.

तिसरी गोष्ट भिंतीची. दर शुक्रवारी आम्ही आपापल्या प्रिंट भिंतीवर लावायचो. ज्याच्या प्रिंट असतील त्याने गप्प बसायचे आणि इतरांनी ‘छान’ हा शब्द न वापरता बोलायचे, असा शिरस्ता होता. मी वारीचे चोवीस फोटो लावले होते आणि मनातून खूश होते. वर्गातल्या एका मुलीने एवढेच विचारले, “हे सगळे उभे राहूनच काढलेस का?” चोवीसच्या चोवीस फोटो माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून होते, बसलेल्या म्हाताऱ्या बायकांकडेही मी वरून खाली बघत होते. त्या मुलीचा मला तेव्हा राग आला होता. मोबाइलवर याच फोटोंना घरच्यांनी भरभरून अंगठे दिले होते.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला कुठे फोटोग्राफीच्या वर्गात गेल्या होत्या, असे कधी कधी मला ऐकवले जाते. कॅमेरा त्या पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून शिकल्या हे खरे, पण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या त्या विद्यार्थिनी होत्या, हे सांगणारा सोयीने विसरतो.

तरीही सगळ्यांनी कॉलेजात जावे असे मी म्हणणार नाही. लग्नाचे फोटो काढायचे असतील तर चांगल्या फोटोग्राफरकडे दोन हंगाम बॅगा उचलाव्यात. तिथे गर्दी, घाई आणि नवरीच्या मामांचा स्वभाव या गोष्टी ज्या शिकता येतात, त्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत. कॉलेजेही सगळी धड नसतात. आमच्या डार्करूममधल्या एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राच्या) लेन्सला मुंबईच्या दमट हवेने बुरशी आली होती, वर्षभर केमिकल आले नव्हते, आणि स्टुडिओला संध्याकाळी पाचला कुलूप लागत असे, म्हणजे नेमके वर्ग संपून आम्ही मोकळे होत असू तेव्हा. डब्याचा तो बारावा फोटो मी शिपाईकाकांना चहा पाजून साडेसहाला काढला होता.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रकातली कॅमेऱ्यांची यादी बाजूला ठेवा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. भिंतीवर प्रिंट कधी लागतात, त्यांच्यावर कोण बोलते आणि पाचनंतर स्टुडिओची किल्ली कोणाकडे असते, एवढे त्यांना विचारा.