मिनीमॅप टाका बिनधास्त, पण रडार आणि केव्ह मोड बंद

माइनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हर चालू केला की पहिल्या आठवड्यात हमखास हा वाद निघतो, मिनीमॅप, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात आजूबाजूचा नकाशा दाखवणारा मॉड, हे चीटिंग आहे का. आमच्या सर्व्हरवर तर दर वेळी नवीन कोणी आलं की परत तेच. माझं मत यावर पक्कं आहे, ते एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी क्लायंट मॉड म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. मॉड म्हणजे गेममध्ये भर घालणारा प्रोग्रॅम. क्लायंट मॉड फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो, सर्व्हरवर काही टाकावं लागत नाही, साधा व्हॅनिला, म्हणजे काहीही न बदललेला, सर्व्हर असला तरी चालतो. आता सर्व्हर काय करतो, तुम्ही जिथे आहात त्याच्या आजूबाजूचे चंक, म्हणजे 16 बाय 16 ब्लॉकचे जमिनीचे तुकडे, पार खालपासून वरपर्यंत तुमच्या कॉम्प्युटरला पाठवून देतो. गेमच्या 1.18 आवृत्तीपासून हे चंक उंचीने -64 पासून 320 पर्यंत असतात. त्यात डोंगर आला, गुहा आल्या, दगडाच्या आत लपलेला डायमंड पण आला, सगळं तुमच्या मशीनवर आलेलंच असतं, गेम फक्त ते तुम्हाला दाखवत नाही. मिनीमॅप तेच घेऊन नकाशा काढतो. म्हणजे एखादा मॉड किती दाखवतो हे बऱ्याचदा तो बनवणाऱ्याने आणि तुम्ही ठरवायचं असतं, आणि म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

माझा नियम असा: जे मी स्वतः फिरून बघितलंय ते मॉडने लक्षात ठेवलं तर ठीक, पण जे मी बघितलेलंच नाही ते मॉडने मला दाखवायचं नाही.

या हिशोबाने जमिनीवरचा नकाशा एकदम ओके आहे. तसाही गेममध्ये नकाशा आहेच की, आठ कागद आणि एक कंपास लावला की मिळतो, सगळ्यात लहान 128 बाय 128 ब्लॉकचा आणि मोठा करत गेलं की 2048 बाय 2048 पर्यंत जातो. शिवाय एफ3 दाबलं की कोऑर्डिनेट्स समोर येतात. मिनीमॅप ही सगळी वहीपेनाची कटकट वाचवतो एवढंच. नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाचा त्यातला अर्धा तास घर शोधण्यात गेला तर तो परत येणार नाही हो, आणि मला माझे मित्र सर्व्हरवर टिकायला हवेत.

वेपॉइंट, म्हणजे नकाशावर नाव देऊन ठेवलेल्या खुणा, तर मला सगळ्यात जास्त आवडतात. झेरोज मिनीमॅप असो की जर्नीमॅप (हे दोन्ही मिनीमॅपचे मॉड), बी दाबायचं, नाव टाकायचं, झालं. मेल्यावर डेथ पॉइंट आपोआप पडतो, सामान जमिनीवर पाच मिनिटंच राहतं (चंक लोड असेल तर) त्यामुळे धावत सुटायला दिशा लागतेच. झेरोमध्ये वेपॉइंट चॅटमध्ये शेअर करता येतो, समोरच्याकडे तोच मॉड असेल तर तो एका क्लिकवर घेतो, एखाद्याला गाव सापडलं की दोन मिनिटांत सगळे तिथे हजर. आम्ही नावं मात्र इंग्रजी अक्षरांतच टाकतो, "vihir", "juna wada" असली, कारण गेमच्या फाँटमध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात.

आता रडार. नकाशावर आजूबाजूचे मॉब (गेममधले प्राणी आणि राक्षस) आणि प्लेअर ठिपक्यांनी किंवा डोक्यांनी दिसतात, भिंतीच्या पलीकडचे पण. हे मला अजिबात पटत नाही. क्रीपर, तो जवळ येऊन फुटणारा मॉब, मागून येऊन सिस्स् करतो ती भीती हाच तर रात्रीचा सगळा खेळ आहे! आणि दुसरा प्लेअर शिफ्ट दाबून लपून बसलाय, भिंतीआडून त्याचं नाव दिसू नये म्हणून गेमनेच सोय केलीय, आणि तुम्ही कोपऱ्यातल्या गोलात त्याचं डोकं बघताय, ही सरळसरळ फसवणूक आहे. केव्ह मोडचं पण तेच, खाली उतरलं की गुहेचे न बघितलेले फाटे नकाशावर आधीच उमटतात, मग वाट चुकायची मजा कुठे राहिली.

याला एकच अपवाद, नेदर, म्हणजे पोर्टलमधून जायचं गेममधलं दुसरं, पाताळासारखं जग. तिथे डोक्यावर बेडरॉकचं (न फुटणाऱ्या दगडाचं) छत असतं, वरून बघणाऱ्या नकाशाला ते छतच दिसतं, म्हणजे केव्ह मोडशिवाय नकाशा नुसता करडा ठोकळा. म्हणून नेदरमध्ये आम्ही तो चालू ठेवतो. तसंही नेदरमध्ये मला नकाशापेक्षा आठचं गणित जास्त उपयोगी पडतं, तिथला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ. वर घर 800, -1600 ला असेल तर नेदरमध्ये पोर्टल 100, -200 ला बांधायचं, की बरोबर घराशीच निघता.

सेटिंग्जमध्ये हात घालायचा नसेल तर झेरोची फेअर प्ले नावाची वेगळी आवृत्तीच मिळते, त्यात रडार आणि केव्ह मोड मुळातच नाहीत. नवीन मुलांना मी तीच टाकायला सांगतो. दगडाआडची खनिजं थेट दाखवणाऱ्या एक्स-रे मॉडबद्दल तर बोलायलाच नको, तिथे चर्चाच नाही. सर्व्हर पेपर नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालवत असाल तर त्यात अँटी एक्स-रे आहे, तो चालू करा, दगडात पूर्ण दडलेली खनिजं मग क्लायंटला दगड म्हणूनच जातात, मुळात माहितीच पोचत नाही.

बाकीचे मॉड पटापट सांगतो. गेमचा वेग वाढवणारा सोडियम टाकाच, जुन्या लॅपटॉपवर गेम अक्षरशः बदलतो, शेडर (सावल्या-प्रकाश सुंदर करणारे इफेक्ट) हवे असतील तर सोबत आयरिस. ऑप्टिफाइन हाही वेग वाढवणाराच जुना मॉड, तो आणि सोडियम एकत्र टाकू नका, दोघांपैकी एकच. ॲपलस्किन कुठल्या खाण्याने किती भूक भागेल ते दाखवतं, निरुपद्रवी आहे. लाइटमॅटिका बांधकामाचा पारदर्शक आराखडा समोर उभा करतो, तुम्ही एकेक ब्लॉक हाताने लावायचा, हे मला मान्य. पण त्याचा प्रिंटर नावाचा प्रकार मिळतो जो ब्लॉक स्वतःच लावत सुटतो, तो आमच्याकडे बंद.

आणि कृपा करून मॉड कुठल्याही यूट्यूब व्हिडिओखालच्या लिंकवरून उतरवू नका. मोडरिंथ किंवा कर्सफोर्ज या दोन मॉडच्या साइट, बस. तिथेही डोळे उघडे ठेवा, जून 2023 मध्ये कर्सफोर्जवरच्या काही अकाउंटमधून फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस मॉडच्या फायलींत घुसला होता, ब्राउझरमधले पासवर्ड चोरायचा आणि कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या जार फायलींना (मॉड याच प्रकारच्या फायलीत येतात) पण लागण करायचा. मॉड म्हणजे तुमच्या मशीनवर चालणारा पूर्ण प्रोग्रॅम असतो, लहान भावंडांना हे बसून समजावून सांगा.

अजून एक, नकाशा सर्व्हरवर साठत नाही, तुमच्याच कॉम्प्युटरवर साठतो. विंडोज फॉरमॅट मारायच्या आधी माइनक्राफ्टच्या फोल्डरमधलं झेरोचं किंवा जर्नीमॅपचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनशॉट सगळे आठवणीने घेतात, हे फोल्डर बहुतेक जण विसरतात, आणि सर्व्हर ओनरकडे मागून ते मिळत नाही.