ओरडले नाही, की ओरडता आलं नाही?

बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो. त्या दिवशी कोर्टात मोजकेच होतो, त्यात सरकारी वकील म्हणून मी. (फिर्यादीची ओळख पटेल असं काहीच इथे लिहीत नाही.)

उलटतपासणीत ठरलेला प्रश्न आलाच. "शेजारी माणसं होती, मग आरडाओरडा का केला नाही?"

ती म्हणाली, "घशातून आवाजच फुटेना. हातपाय गार पडलेले, माझे नव्हतेच जणू."

न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलं, "लिहा, मी आरडाओरडा केला नाही."

आपल्याकडे साक्ष बहुधा सलग निवेदनासारखी लिहितात. प्रश्न गळतो, उत्तर आखूड होतं. हे मला माहीत होतं, तरी मी उठले नाही. त्याची अजून लाज वाटते.

न्यायाधीश भले गृहस्थ. तिला बसायला खुर्ची दिली, एक घाणेरडा प्रश्न स्वतःहून अडवला. पण भीतीनं शरीर थिजतं, जीभ लुळी पडते, हे त्यांना कुणी शिकवलं असेल असं वाटलं नाही. मलाही लॉ कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, त्यातही तिच्या अंगावर जखमा नाहीत हा मुद्दा होताच. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येत नाही, हे २०१३ पासून कायद्यात स्पष्ट आहे. मार्च २०२१मध्ये, आरोपीनं तक्रारदार बाईकडून राखी बांधून घ्यावी ही जामिनाची अट रद्द करताना, न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात लिंगभाव-संवेदनशीलता हवीच, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. ते प्रशिक्षण एका व्याख्यानात उरकू नये. अशी एखादी साक्ष पुढ्यात ठेवून शब्द कुठे गळले ते न्यायाधीशांना शोधायला लावावं.

संध्याकाळी साक्ष वाचून दाखवली. त्या ओळीला तिनं थांबवलं. "साहेब, मी असं नाही म्हणाले. मला ओरडता आलं नाही."

"अर्थ एकच," आरोपीचे वकील म्हणाले.

आता मात्र मी उठले. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत, प्रश्नासकट नोंदवावं, अशी विनंती केली. न्यायाधीश जरा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तिचं उत्तर शब्दाला शब्द सांगून लिहून घेतलं.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवून ती हळूहळू वाचली. मग सही केली.