बाळाचा ‘टपोरा’ डोळा दाखवायला जाताना: दिवसाची गाडी नको, नुसता होकार नको

बाळाच्या जन्मजात काचबिंदूच्या तपासणीला दिवसाच्या गाडीने जाऊ नका. आम्ही गेलो. सहा महिन्यांचं बाळ सगळा वेळ माझ्या खांद्यात तोंड खुपसून होतं, आणि उन्हासाठी लावलेली ओढणी दर दहा मिनिटांनी निसटत होती. रात्रीची गाडी घ्या. या बाळांना उजेड सोसत नाही, दिवे मालवल्यावर ती आपणहून डोळे उघडतात.

मुळात जायला उशीर झाला तो कौतुकापायी. ‘काय टपोरे डोळे!’ म्हणताना घरातलं कुणी मागे नव्हतं, मी तर नव्हतेच. डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून दाखवलं तर उत्तर मिळालं, अश्रूंची नळी बंद आहे, मालिश करा, वर्षभरात उघडेल. बहुतेक बाळांच्या बाबतीत हे खरंही असतं, म्हणूनच फसायला होतं. पण नुसती नळी बंद असलेलं बाळ उजेडाला घाबरून डोळे घट्ट मिटत नाही आणि त्याचं बुबुळ वाढत नाही, धुरकटही होत नाही. दोन महिने मी इमानदारीनं मालिश केलं. त्या दोन महिन्यांत एकदाही कुणी बुबुळ मोजलं नाही. जन्मताना ते साधारण १० मिलिमीटर रुंद असतं, वर्षाच्या आत १२च्या वर गेलं की संशय घ्यायचा. आमचं १३.५ भरलं.

निदान जन्मजात काचबिंदू. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) बाहेर जाण्याची वाटच नीट घडलेली नसते, म्हणून आतला दाब चढतो. साधारण तीन वर्षांपर्यंत डोळ्याची भिंत मऊ असते, म्हणून अख्खा डोळाच ताणून मोठा होतो. मोठ्या माणसाचा असा फुगत नाही. या फुगलेल्या डोळ्याचं वैद्यकीय नाव ग्रीकमधून आलंय, अर्थ ‘बैलाचा डोळा’. ते ऐकल्यावर टपोरेपणाचं कौतुक कायमचं संपलं.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. याच्यावर मी कितीही बोलू शकते. दाब, बुबुळ, डोळ्याची लांबी, मागची नस हे सगळं भूल देऊन तपासतात, आणि भुलीआधी पोट रिकामं लागतं. आम्हाला वॉर्डात सांगितलं, ‘रात्रीपासून काही देऊ नका.’ मी मान डोलावली. बाळाला आत नेलं सकाळी अकराला! पहाटे चारपासून ते रडत होतं, रडून डोळे आणखी लाल, आणि छातीशी घेतलं की दूध शोधायचं. मी शेवटी त्याला नवऱ्याकडे देऊन जिन्यात जाऊन बसले. नंतर भूलतज्ज्ञ सहज म्हणाले, आईचं दूध चार तास आधीपर्यंत चाललं असतं. वरच्या दुधाला साधारण सहा तास लागतात, साध्या पाण्याला त्याहून बरेच कमी. तेव्हा नुसतं हो म्हणू नका. शेवटचं दूध किती वाजता, हे भूल देणाऱ्यांकडूनच घड्याळाच्या आकड्यात लिहून घ्या, आणि यादीत पहिला नंबर मागा. भीड बाळगू नका.

निदान पक्कं झालं तर पुष्कळदा त्याच भुलीत शस्त्रक्रिया उरकतात. आम्ही एका दिवसाचे कपडे घेऊन गेलो होतो. तुम्ही चार दिवसांचे न्या. बुबुळ स्वच्छ असेल तर आतून वाट मोकळी करतात, धुरकट असेल तर बाहेरून. पुढचे दोन दिवस ठीक गेले, सांगण्यासारखं काही नाही.

थेंबांनी भागेल म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका, या आजारात थेंब तेवढ्यापुरता आधार असतात. थेंबाचं नाव चिठ्ठीशी ताडून बघा, घरातल्या मोठ्यांचे काचबिंदूचे थेंब तर अजिबात नकोत. त्यातल्या ब्रिमोनिडीन या औषधाने तान्ह्या बाळाला गुंगी येते, श्वास मंदावू शकतो.

आणि डोळा पुन्हा लहान होईल, या आशेवर जाऊ नका. मी होते. ताणलेलं बुबुळ आकसत नाही. दाब आटोक्यात आला की वाढ थांबते, नस वाचते, तेवढं पुरे. पुढे चष्मा येतो, कधी कमजोर डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी. भिंत पातळ झालेली असते, म्हणून मार लागू द्यायचा नाही. तपासण्या जन्मभर.

आमची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. रात्रीच्या गाडीचं आरक्षण झालंय, पहिला नंबर मागून घेतलाय, आणि शेवटच्या दुधाची वेळ फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहून घेतलीय.